काचा धुणाऱ्या यंत्राची बॅटरी दुपारीच का बसते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला की दिवाळीपर्यंतच्या दिवसांत सोसायट्या, रुग्णालये, बँका आणि शोरूमच्या काचा धुण्याची कामे एकदम निघतात. पुण्या-मुंबईत ही कामे आता बऱ्याच ठिकाणी पोलने होतात. काम करणारा जमिनीवर उभा असतो. हातात दहा-बारा मीटरचा पोल, टोकाला ब्रश, ब्रशमध्ये बारीक नोझल, मागे ट्रॉलीवर २५ लिटरची टाकी, १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप आणि बॅटरी. पाणी आरओ किंवा रेझिनमधून (क्षार शोषणाऱ्या मण्यांमधून) काढलेले असते, त्यामुळे काच पुसावी लागत नाही, डाग न पडता वाळते. गच्चीवरचे सौर पॅनेलही याच पद्धतीने धुतात. शिडी आणि दोर टाळणारी ही पद्धत टिकली पाहिजे, म्हणून हे पत्र.

अडचण बॅटरीची आहे. सकाळी नऊला जोमात चालणारा पंप जेवणाच्या सुट्टीनंतर दम टाकतो. धार मंदावते, कंट्रोलर मध्येच बंद पडतो, आणि उरलेल्या चार काचांसाठी कुणीतरी छज्ज्यावर उतरतो. जो धोका टाळायला यंत्र घेतले, तोच पुन्हा अंगावर येतो. मग "बॅटरी बसली" म्हणून नवी आणली जाते आणि वर्ष-दीड वर्षात तीही त्याच वाटेने जाते. दोष कंपनीला, नाहीतर कामगाराला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा वेगळेच असते. या यंत्रांची बॅटरी जास्त वापराने जाते त्याहून अधिक अर्धवट चार्जिंगने जाते. आणि पुष्कळदा ती गेलेलीही नसते, वायर नाहीतर तुंबलेली गाळणी तिचा बळी देत असते.

आधी साधा हिशेब मांडतो, कारण खरेदीच्या वेळी तोच कुणी मांडत नाही. या कामाचा नेहमीचा पंप मिनिटाला ५ लिटर आणि १०० पीएसआय दाबाचा असतो, पण ब्रशला तेवढे पाणी लागत नाही. मिनिटाला दीड लिटर पुरते. कंट्रोलर पंपाला थांबत-थांबत वीज देऊन वेग कमी ठेवतो, आणि अशा वेगाला पंप सरासरी ३ अॅम्पिअर घेतो असे धरायला हरकत नाही. दाब वाढला की हाच आकडा ६-७ वर जातो. दिवसात प्रत्यक्ष पाणी चालू असण्याचा वेळ पाच तास धरला तर खर्च झाला १५ अॅम्पिअर-तास. आता शिसे-आम्लाची सील्ड बॅटरी टिकवायची असेल तर रोज तिच्या निम्म्याहून अधिक काढू नये. म्हणजे ३० ची बॅटरी किमान हवी, आणि जुनी होत जाईल तशी क्षमता घटते हे धरून ३५ ते ४० ची घ्यावी. ट्रॉलीवर प्रत्यक्षात असते १८ किंवा २४ ची, पाठीवरच्या यंत्रात तर ७ किंवा ८ ची.

शिवाय बॅटरीवर छापलेला आकडा वीस तासांच्या वापराचा असतो. २४ ची बॅटरी २४ अॅम्पिअर-तास देते ती सतत १.२ अॅम्पिअर या हळू गतीने काढले तर. तीन-चार अॅम्पिअरने काढले की २०-२१ वर येते. ७ ची छोटी बॅटरी ७ अॅम्पिअरने ओढली तर तासभर चालेल असे वाटते, पण ती त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक वेळ चालते. शेतातल्या बॅटरीवरच्या फवारणी पंपातली १२ व्होल्ट ८ अॅम्पिअर-तासांची बॅटरी काचेच्या कामाला जोडली की ती लवकर का बसते, त्याचे उत्तर इथे आहे. त्या बॅटरीत खोट नसते, तिच्यावर टाकलेले काम मोठे असते.

आता चार्जिंग. या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

शिसे-आम्लाची बॅटरी पहिले ७०-८० टक्के तुलनेने लवकर घेते. उरलेले २० टक्के ती सावकाश, स्वतःच्या गतीने घेते. चार्जर कितीही मोठा लावला तरी त्या टप्प्याला चार-पाच तास लागतात. १५ अॅम्पिअर-तास खर्च झाले असतील तर साधारण १७ परत घालावे लागतात, कारण काही भाग उष्णतेत जातो. ४ अॅम्पिअरच्या चार्जरने हे काम आठ-नऊ तासांत होते, २ अॅम्पिअरच्या चार्जरने अकरा-बारा तासांत. सोसायटीत किंवा ऑफिसच्या तळघरात प्रत्यक्षात काय घडते? संध्याकाळी सहाला ट्रॉली मीटर रूमजवळच्या पॉइंटला लावली जाते. रात्री दहाला वॉचमन मेन स्विच बंद करतो, किंवा कुणाची तरी स्कूटर चार्जिंगला लागते आणि यंत्राची पिन काढली जाते. चार तासांत बॅटरी ७५-८० टक्क्यांवर पोहोचलेली असते. सकाळी पंप चालतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण रोज वरचे वीस टक्के राहिले की प्लेटवर बसलेले लेड सल्फेट पुन्हा विरघळत नाही, त्याचे कडक स्फटिक होतात. तेवढा भाग कायमचा निकामी. पुढच्या महिन्यात तिच्या ८० टक्क्यांतले ८० टक्के, असे करत बॅटरी आतून लहान होत जाते.

आणि इथेच सगळे फसतात. स्फटिक बसलेल्या बॅटरीचा अंतर्गत विरोध वाढलेला असतो. चार्जर लावला की तिचे व्होल्टेज झटकन १४.४ ला पोहोचते, चार्जरला वाटते काम झाले, आणि दोन तासांत हिरवा दिवा लागतो. "आमची बॅटरी तर लवकर चार्ज होते" हे वाक्य ऐकले की ओळखावे, ती बॅटरी शेवटाला लागली आहे. निरोगी २४ ची बॅटरी निम्मी उतरलेली असताना २-३ अॅम्पिअरच्या चार्जरवर दोन तासांत भरूच शकत नाही.

चार्जर स्वतः योग्य आहे का, हेही मोजून पाहावे. साधा तीनशे-चारशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. चार्जिंग सुरू करून तीन-चार तासांनी बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर व्होल्टेज बघावे. रोज उतरणाऱ्या सील्ड बॅटरीला या टप्प्यात १४.४ ते १४.७ मिळायला हवेत आणि पूर्ण भरल्यावर चार्जर १३.५ ते १३.८ वर उतरायला हवा. स्वस्त यंत्रासोबत येणारे कित्येक चार्जर पहिल्यापासून शेवटपर्यंत १३.८ च देतात. तो आकडा यूपीएससारखी कायम जोडून ठेवलेली बॅटरी भरलेली राखण्यासाठी ठीक आहे. रोज निम्मी उतरणारी बॅटरी त्यावर एका रात्रीत कधीच पूर्ण भरत नाही. उलट मोटार गॅरेजमधला जुना, आपोआप न थांबणारा चार्जर १५ च्या वर चढतो. त्याने सील्ड बॅटरीतले पाणी गॅस होऊन उडते, ते परत घालता येत नाही, आणि बॅटरीचे पोट फुगते. फुगलेली बॅटरी वापरूच नये. चार्जिंग चालू असताना पंप चालवायचीही सवय नको. पंप ओढत असलेली वीज पाहून चार्जरला वाटते बॅटरी अजून घेत आहे, आणि त्याचा टप्पा बदलण्याचा हिशेब चुकतो.

दिवाळीच्या तोंडावर इतक्या बॅटऱ्या एकदम का जातात, त्याचे कारण पावसाळ्यात आहे. जूनमध्ये काम थांबते, ट्रॉली आहे त्या स्थितीत कोपऱ्यात लावली जाते, बॅटरी निम्मी उतरलेली. चार महिने ती तशीच. सील्ड बॅटरी पंचवीस अंशांना महिन्याला साधारण ३ टक्के आपोआप उतरते, उकाड्यात त्याहून अधिक. त्यात कंट्रोलरची मुख्य वायर जोडलेली राहिली तर त्याचा डिस्प्ले आणि आतले सर्किट थोडी-थोडी वीज पीत राहतात. सप्टेंबरअखेर बॅटरी ११ च्या खाली सापडते. बारा तास चार्ज करून ती १२.५ दाखवते, पण तिच्यात जीव उरलेला नसतो. उपाय फुकट आहे. यंत्र ठेवण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरावी, दोन्ही वायरी काढून ठेवाव्यात आणि दर महिन्याला एक रात्र चार्जरला लावावी. ठेवलेल्या बॅटरीचे व्होल्टेज १२.५ च्या खाली जाऊ देऊ नये.

व्होल्टेज कधी मोजायचे याबद्दलही गोंधळ आहे. चार्जर काढल्या-काढल्या १३.२ दिसतात, ते वरवरचे असतात. किमान तीन-चार तास, शक्यतो रात्रभर, काही न जोडता ठेवून मोजावे. १२.७ ते १२.८ असेल तर भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२.० च्या आसपास म्हणजे पाव उरली. ११.८ म्हणजे रिकामी, आणि तिला त्याच रात्री चार्जर हवा, उद्या नाही. पंप चालू असताना कंट्रोलरवर ११.९ दिसले म्हणून घाबरू नये. तो भाराखालचा आकडा आहे.

आता त्या बॅटऱ्यांकडे येतो, ज्या चांगल्या असूनही भंगारात जातात. कंट्रोलर साधारण १०.५ ते ११ व्होल्टला पंप बंद करतो. पण तो बॅटरीवरचे व्होल्टेज मोजत नाही, स्वतःपर्यंत पोहोचलेले मोजतो. मधल्या वायरीत, फ्युज होल्डरमध्ये आणि जोडांत जेवढे व्होल्ट पडतात, तेवढा वेळ आधी तो पंप थांबवतो. समजा बॅटरीपासून पंपापर्यंत तीन मीटर वायर आहे, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर, आणि ५ अॅम्पिअर वाहत आहेत. वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची असेल तर जवळपास ०.८ व्होल्ट वायरीतच जातात. दीडची असेल तर ०.४, अडीचची असेल तर पाव व्होल्टच्या आत. ०.८ हा आकडा छोटा वाटतो, पण १२.७ पासून ११.८ पर्यंतच्या सगळ्या प्रवासात जेमतेम ०.९ व्होल्टचा फरक असतो, हे लक्षात घेतले की त्याची किंमत कळते. घरगुती टेबल फॅनची वायर या कामाला वापरणे म्हणजे बॅटरीचा मोठा भाग वाया घालवणे. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक वायर घ्यावी, लांबी कमीत कमी ठेवावी.

तपासायची रीत अशी. पंप चालू ठेवून, नोझलमधून पाणी वाहत असताना, आधी बॅटरीच्या टर्मिनलवर मोजावे, मग कंट्रोलरच्या आत येणाऱ्या स्क्रूंवर. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर बॅटरीला हात लावू नये, वायर शोधावी. दोष नेमका कुठे, हे काढायला मीटरची एक टोकणी जोडाच्या अलीकडे आणि दुसरी त्याच वायरीवर जोडाच्या पलीकडे धरावी. चांगल्या जोडावर जवळजवळ शून्य दिसते. ०.१ च्या वर दिसले की तो जोड खराब. मीटर नसेल तर दहा मिनिटे पंप चालवून बोटाने चाचपावे. जो जोड कोमट लागतो, तिथे वीज जळते आहे. फ्युज होल्डरचे प्लास्टिक पिवळसर होऊन वाकलेले असेल तर फ्युज नव्हे, होल्डर बदलावा.

सगळ्यात जास्त त्रास देतो तो रिंग लग, म्हणजे बोल्टखाली बसणारी, वायरीच्या टोकाला दाबलेली धातूची कडी. वरून चकचकीत दिसतो, पण वायरीचे रबर एक सेंटिमीटर मागे सोलले की आतले तांबे काळे पडलेले किंवा हिरवट भुकटी झालेले निघते. ट्रॉलीवर पाणी सांडतेच, ते लगच्या तोंडातून केशिकेसारखे आत चढते. मुंबई, ठाणे, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होते. काळी वायर पुन्हा क्रिंप करून उपयोग नाही. चमकते तांबे दिसेपर्यंत मागे कापावी, नवा लग योग्य पकडीने दाबावा (साध्या पक्कडीने चेपलेला लग महिन्याभरात सैल होतो) आणि वर उष्णतेने आवळणारी, आतून गोंद असलेली नळी चढवावी. शिशाच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर आला असेल तर लग काढून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून जुन्या टूथब्रशने घासावे, कोरडे करावे, बोल्ट घट्ट करावा आणि मग पेट्रोलियम जेली लावावी. जेली बोल्ट आवळल्यानंतर, वरून. क्लिपा लावून काम भागवू नये, हलत्या ट्रॉलीवर त्या दर खड्ड्याला सैल होतात. धन टर्मिनलपासून वीतभर अंतरात १० किंवा १५ अॅम्पिअरचा फ्युज हवाच.

पाण्याच्या बाजूचे दोष बॅटरीच्या नावावर खपतात, हे तर फारच कमी लोकांना ठाऊक असते. पंपाला जेवढा दाब द्यावा लागतो तेवढे अॅम्पिअर तो ओढतो. दहा मीटर उंची चढवायला १ बार, म्हणजे साडेचौदा पीएसआय लागतात; त्याला इलाज नाही. पण बाकीचा दाब आपणच वाढवून ठेवलेला असतो. शंभर मीटर लांब, ६ मिलिमीटर आतल्या व्यासाचा पाइप हलका म्हणून घेतला जातो. तेवढ्याच पाण्याला ८ मिलिमीटरच्या पाइपात होणाऱ्या घर्षणाच्या तिप्पट-चौपट घर्षण त्यात होते. तीस मीटरचे काम असेल तर शंभर मीटरचा पाइप गुंडाळीसकट लावूच नये. नोझलच्या दीड मिलिमीटरच्या छिद्रात क्षार बसले की तोच प्रकार. शुद्ध पाण्याने नोझल तुंबत नाही, पण आरओ बंद पडला म्हणून दोन दिवस बोअरचे किंवा टँकरचे पाणी भरले की क्षाराचा थर बसतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. काच डागाशिवाय वाळायला तो १० च्या खाली लागतो. नोझल काढून तासभर व्हिनेगरमध्ये ठेवावे, बारीक तारेने कोरू नये, छिद्र वाकडे होते आणि धार फाटते.

पंपाच्या तोंडाशी एक छोटी पारदर्शक वाटी असते, आत जाळी. टाकीतले शेवाळ, रेझिनचे मणी, प्लास्टिकचा कीस तिथे अडकतो. आठवड्यातून एकदा ती उघडून धुवावी आणि बसवताना तिची रबरी रिंग जागेवर आहे का, बघावे. ती रिंग चिमटली किंवा टाकीकडून येणाऱ्या पाइपची क्लिप सैल राहिली की पंप पाण्याबरोबर हवा ओढतो. आवाज खडबडीत येतो, पाइपात बुडबुडे दिसतात, दाब धरत नाही आणि पंप थांबायचे नाव घेत नाही. पाणी कमी, वीज पूर्ण.

कंट्रोलरचेही तसेच. कॉक बंद केला की त्याला दाब अडल्याचे कळून पंप थांबला पाहिजे. पाइप किंवा नोझल बदलल्यावर ही ओळख पुन्हा शिकवावी लागते; बहुतेक कंट्रोलरमध्ये त्यासाठी कॅलिब्रेशनचे बटण असते आणि ते पाणी वाहत ठेवून, कामाच्याच वेगावर करायचे असते. हे न केल्यास पंप कॉक बंद असतानाही अडलेल्या पाण्यावर झटके देत राहतो. माणूस बादली हलवतो, पोल जोडतो, जागा बदलतो, त्या सगळ्या वेळात बॅटरी उतरत असते. वेग सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवण्याची सवयही मोडायला हवी. ब्रशखाली काच ओली राहून वरची धूळ वाहून जाईल एवढेच पाणी लागते. धार काचेवर आपटून उडाली तर ते पाणी आणि वीज दोन्ही वाया.

एवढे तपासूनही शंका उरली, तर बॅटरी बदलण्याआधी तिची क्षमता मोजावी. त्यासाठी मोटारीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब आणि घड्याळ पुरते. बॅटरी रात्रभर पूर्ण चार्ज करावी, तीन-चार तास विसावू द्यावी, मग होल्डरमध्ये बसवलेला बल्ब जोडावा. बल्ब फरशीवर ठेवावा, तो कापड किंवा प्लास्टिक जाळण्याइतका तापतो. तो साडेचार अॅम्पिअरच्या आसपास ओढतो. दर पंधरा मिनिटांनी व्होल्टेज लिहावे आणि १०.८ ला पोहोचताच बल्ब काढून लगेच चार्जर लावावा. २४ ची नवी बॅटरी या भारावर चार-सव्वाचार तास चालते. तीन तास चालली तर वापरण्याजोगी आहे. अडीच तासांच्या खाली गेली तर बदलण्याची वेळ आली. ही चाचणी वर्षातून दोनदा पुरे. दर आठवड्याला केली तर तिनेच बॅटरी झिजेल.

नवी घेताना मोटारीची बॅटरी घेऊ नये. ती स्टार्टर फिरवायला क्षणभर दोनशे अॅम्पिअर देण्यासाठी पातळ प्लेटांची बनवलेली असते. रोज निम्मी उतरवली तर काही महिन्यांत प्लेटांवरचा माल गळतो. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी खोल उतरणे सोसते, पण ती आम्लाने भरलेली, उघड्या बुचांची आणि अवजड असते, ट्रॉलीवर आडवी झाली तर आम्ल सांडते. रोज उतरण्यासाठी बनवलेली सील्ड एजीएम (आतले आम्ल चटईत शोषलेली) किंवा जेल बॅटरी घ्यावी आणि तिच्यावरची उत्पादनाची तारीख वाचावी. दुकानात सहा महिने चार्जिंगविना पडून राहिलेली बॅटरी नव्या वेष्टनात असली तरी नवी नसते. दोन बॅटऱ्या समांतर जोडायच्या असतील तर एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या. जुनीला नवी जोडली की जुनी नवीला ओढत राहते.

लिथियम, म्हणजे या कामासाठी लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्टची बॅटरी, महाग असली तरी रोजच्या कामाला तीच परवडते, असे माझे ठाम मत आहे. तिच्यातले ८०-९० टक्के वापरता येते, अर्धवट चार्जिंगने तिचे काही बिघडत नाही, वजन तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि दोन हजारांच्या वर फेऱ्या ती करते. सोसायटीत रात्रभर पॉइंट मिळत नसेल तर ती हाच खरा पर्याय आहे. मात्र चार्जर तिचाच हवा, १४.४ ते १४.६ व्होल्टचा. शिसे-आम्लाच्या काही चार्जरांत सल्फेट फोडण्यासाठी उंच व्होल्टेजचे झटके देण्याची सोय असते, ते झटके लिथियमला चालत नाहीत. तिचे व्होल्टेज जवळजवळ सपाट राहते. ९० टक्के आणि ३० टक्के यांत जेमतेम ०.३ ते ०.४ व्होल्टचा फरक. म्हणून कंट्रोलरवरचे बॅटरीचे चित्र पूर्ण भरलेले दिसत असतानाच आतले बीएमएस, म्हणजे बॅटरीचे रक्षण करणारे सर्किट, अचानक वीज तोडते आणि टर्मिनलवर शून्य दिसते. बॅटरी मेली असे समजून ती परत केली जाते, प्रत्यक्षात चार्जर लावल्यावर बहुतेक वेळा ती जागी होते. किती उरले हे कळायला येणारे-जाणारे अॅम्पिअर मोजणारा छोटा मीटर बसवावा.

पोलने काच धुण्याची पद्धत रुळली ब्रिटनमध्ये. उंचीवरच्या कामाचे नियम तिथे २००५ मध्ये आले आणि शिडीऐवजी पोलकडे कल वाढला. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या यंत्रांच्या कित्येक पुस्तिकांत थंडीच्या सूचना ठळक असतात. आपल्याकडे बॅटरीला खातो तो उकाडा. तापमान दर दहा अंशांनी वाढले की शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य निम्मे होते, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. मे महिन्यात नागपूर किंवा अकोल्यात बंद टेम्पोत ठेवलेली बॅटरी बाहेरच्या ४४-४५ अंशांच्याही वर तापते. गच्चीवरचे पॅनेल धुताना ट्रॉली सावलीत ठेवावी, बॅटरीवर ओले पोते टाकण्याऐवजी पुठ्ठ्याची किंवा थर्माकोलची आड करावी, म्हणजे टर्मिनल ओले होत नाहीत. चार्जिंग संध्याकाळी बॅटरी हाताला गार लागल्यावर, हवा खेळती असलेल्या जागी करावे, कारण चार्ज होताना शिसे-आम्लाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो. चार्जरला तापमान मोजणारी तार नसेल तर चाळीस अंशांच्या दिवसांत १४.४ ऐवजी १४.१ पुरेसे असतात.

सोसायट्यांच्या कार्यकारिणींना विनंती आहे की काचा किंवा सौर पॅनेल धुण्याचे कंत्राट देताना रात्रभर बंद न होणारा, स्वतंत्र स्विचचा एक पॉइंट लिहून द्यावा. निम्मी उतरलेली ३५ ची बॅटरी पूर्ण भरायला अर्धा युनिटही वीज लागत नाही. त्या पॉइंटवर "यंत्र चार्जिंग, बंद करू नये" अशी पाटी लावली आणि वॉचमनला सांगितले, की निम्मी अडचण तिथेच मिटते. कंत्राटदारांनी प्रत्येक ट्रॉलीला एक वही बांधावी. सकाळी काम सुरू करण्यापूर्वीचे व्होल्टेज आणि संध्याकाळी चार्जर लावल्याची वेळ एवढ्या दोनच नोंदी. सकाळचा आकडा महिनाभरात १२.७ वरून १२.४ वर सरकताना दिसला तर बॅटरी मरण्याआधी चार्जर तपासता येतो. आणि बॅटरी संपल्यावर राहिलेले काम दुसऱ्या दिवशी होईल, छज्ज्यावर उतरून नाही, हे कामगाराला कंत्राटदाराने स्पष्ट सांगावे. एवढ्यासाठी त्याची हजेरी कापली जाऊ नये.

यंत्र विकणाऱ्यांनी "सहा तास बॅकअप" एवढेच छापू नये. मिनिटाला किती लिटर पाण्यावर, किती लांब पाइपावर, किती उंचीवर सहा तास, आणि चार्जर कोणत्या व्होल्टेजचा, हे मराठीत पेटीवर लिहावे. यंत्र हाताळणारा माणूस ते वाचू शकला पाहिजे.

निकामी झालेली बॅटरी फेरीवाल्या भंगारवाल्याला देऊ नये. ती फोडून आम्ल गटारात आणि शिशाचा धूर वस्तीत जातो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी त्याच दुकानात द्यावी, तिच्या वजनाप्रमाणे किंमत वजा करून घ्यावी आणि पावतीवर तशी नोंद मागावी. लिथियमची असेल तर दोन्ही टर्मिनलवर चिकटपट्टी लावून ती शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांपासून वेगळी द्यावी.

आपला,
पंप व बॅटरी दुरुस्ती करणारा एक वाचक
चिंचवड, पुणे